शिक्का माझ्या काठावर होता

मी ब्रेव्हालच्या धान्यबाजाराचे माप आहे आणि आज प्रथमच स्वतःविषयी बोलतो आहे. अंदाजाने बोलणे माझ्या स्वभावात नाही. जे माझ्यात भरले गेले आणि माझ्यासमोर घडले, तेवढेच सांगेन. ज्याचे मला ज्ञान नाही, तेथे तसे स्पष्ट म्हणेन.

माझा जन्म ओकच्या लाकडापासून झाला. सेन नदीच्या काठी, रुआं शहराच्या खालच्या अंगाला, एका पिंपे बनवणाऱ्याने मला घडवले. फळ्या वाफेवर वाकवल्या, तळाची गोल फळी खाचेत बसवली आणि काठाला लोखंडी पट्टी ठोकली. त्याच्या दुकानातली माझी इतर भावंडे सफरचंदाच्या सायडरची पिंपे झाली आणि लोकांच्या तळघरात रमली. माझ्या वाट्याला मात्र बाजार आला. मला त्याचा अभिमान वाटे. पिंपात काय आहे ते एका घराला ठाऊक असते. मापात काय मावते ते सगळ्या गावाला ठाऊक असावे लागते.

ब्रेव्हालच्या बाजाराला भिंती नव्हत्या. जाड लाकडी खांबांवर उतरते छप्पर होते आणि त्याच्या मधोमध एक दगड होता. दगडात गोल पोकळी कोरलेली होती, तळाशी एक भोक होते आणि एरवी तिच्यावर झाकण असे. हा दगड गावाचे मूळ माप. दरवर्षी शरद ऋतूत, संत मिशेलच्या सणाला, मला फुलांनी आणि गव्हाच्या ओंब्यांनी सजवून त्याच्यापाशी नेत. दगड काठोकाठ भरत, भोक उघडून ते धान्य माझ्यात सोडत आणि वरून सपाट काठी फिरवत. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही, असे ठरले की तापलेल्या लोखंडाने माझ्या काठावर त्या वर्षाचा शिक्का उमटवत. चर्चमधल्या भिंतीवर संत मिशेल तराजू घेऊन उभे आहेत, ते मेलेल्यांचे आत्मे तोलतात असे म्हणत. जिवंत माणसांचे धान्य मोजण्याचे काम आमचे.

यानंतर एक नियम होता, आणि माझी सारी कहाणी या नियमाभोवती फिरते. शिक्का बसला की पुढच्या सणापर्यंत मापाच्या आत कोणी हात घालायचा नाही. हात घातला तर त्या घरात पाव पुरत नाही, अशी गावाची समजूत होती. लहान मुलांना आया तेच सांगत. त्यामुळे ज्याला खात्री करून घ्यायची असे, तो माझ्या काठावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवी आणि समाधानाने परत जाई. माझ्या तळाकडे कोणी पाहत नसे.

मला हाताळणारा मापारी बार्नाबे लांग्लुआ. त्याचा बाप मापारी, आजा मापारी. रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. हसला की कबुतरे छपरावरून उडत. सणाच्या दिवशी तो माझ्या काठावर हात ठेवून शपथ घेई, की विकणाऱ्याचा मी नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. नंतर वर्षभर तो ती शपथ थट्टेत गुंडाळून लोकांना ऐकवी.

"बार्नाबेकाका, जरा शिगोशीग भरा की," एखादी बाई म्हणे.

"शीग पाहिजे तर नवऱ्याच्या डोक्यावर भर. इथं काठाबरोबरच मिळेल."

पाव भाजून विकणारी विधवा कोलेत त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडे. दर बाजाराला ती येई, शालीखाली हात घेऊन माझ्यासमोर उभी राही आणि काठी फिरताना डोळे बारीक करी.

"काठी जोरानं दाबलीस आज."

"कोलेतमावशी, काठी लाकडाची आहे. तुझ्या जिभेची नाही."

"माझी जीभ आहे म्हणून तू सरळ आहेस."

हे भांडण दोघांनाही हवेहवेसे होते. मोजून झाल्यावर ती त्याच्या हातात गरम पावाचा एक तुकडा ठेवी आणि तो काही न बोलता खाई. माणसे विश्वास बोलून दाखवत नाहीत, तो खाऊन दाखवतात, असे माझे निरीक्षण आहे.

आमच्या बाजारात आणखी एक जण नियमाने येई. ते गावाचे न्यायाधीश गियोम ओतमेर. बाजारावर देखरेख करण्याचे काम त्यांचेच होते. त्यांचे घर बाजाराला लागून होते आणि कामाच्या खोलीची खिडकी सरळ दगडावर उघडे. उंच, किडकिडीत, काळ्या झग्यातले. त्यांच्या बाहीला नेहमी लाकडाचा भुसा लागलेला असे. त्या काळी बऱ्याच प्रतिष्ठित माणसांना छंद म्हणून लाकूड कातण्याची आवड होती. ओतमेरांनी घरामागच्या खोलीत लाकूड फिरवून कातण्याचा चरक बसवला होता. तपकिरीच्या डब्या, मेणबत्त्यांच्या बैठका ते कातत आणि भेट म्हणून देत. त्यांची एक खूण होती. काम पूर्ण झाले की वस्तूच्या कडेला ते दोन बारीक रेषा कोरत, एक खोल आणि तिच्याशेजारी एक उथळ. कौतुकाने ते म्हणत, "ही माझी सही."

पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. ते एक ग्रंथ लिहीत होते आणि त्यातले विचार आधी बाजारात बोलून पाहत. खांबाला टेकून, हातात सायडरचा पेला घेऊन ते बार्नाबेला समजावून सांगत. मी जमिनीवर बसून ऐके.

"हे बघ बार्नाबे, राजाचे मंत्री समजतात की देशाची संपत्ती म्हणजे पेटीतलं सोनं. साफ चूक. संपत्ती म्हणजे तुझ्या मापातून जाणारं हे धान्य. शेतकऱ्यानं धान्य विकलं तर तो विणकराकडून कापड घेतो. विणकर मग कोलेतकडून पाव घेतो. कोलेत पुन्हा शेतकऱ्याकडे येते. प्रत्येक जण विकणारा आणि प्रत्येक जण घेणारा. यातला एक दुवा तोडला की सगळे उपाशी."

"म्हणजे मी आणि कोलेतमावशी एकाच साखळीत?" बार्नाबे म्हणे. "हे तिला सांगू नका, साहेब. सगळी साखळी स्वतःकडे ओढून घेईल."

"आणि भाव," ओतमेर पुढे सांगत, "भाव म्हणजे हाक आहे. गावात धान्य कमी झालं की भाव चढतो. तो चढला की लांबच्या व्यापाऱ्याला ऐकू जातं. तो होड्या भरून आणतो आणि भाव आपोआप उतरतो. सरकारनं फक्त एवढंच करायचं, त्या हाकेच्या तोंडावर हात ठेवायचा नाही."

"आणि माप?"

"माप हलता कामा नये. भाव हलावा, माप नाही. सगळं सत्य मापात आहे, बार्नाबे. तू आणि हे लाकूड, तुम्ही दोघं माझ्या ग्रंथाचा पाया आहात."

बार्नाबे त्या दिवशी घरी गेला तेव्हा मला त्याने रोजच्यासारखे काखेत नव्हे, तर दोन्ही हातांत धरले होते. खरे सांगायचे तर मीही भारावलो होतो. काठावरच्या शिक्क्याला मान देणारे पुष्कळ भेटले होते. पण माझे न बदलणे म्हणजे काय, हे शब्दांत मांडणारा हा पहिलाच माणूस होता.

मग ते ओले वर्ष आले. सबंध उन्हाळा पाऊस पडला आणि गहू उभ्या पिकात कुजला. संत मिशेलच्या सणाला मला दगडापाशी नेले तेव्हा ओंब्या काळपट होत्या. शिक्का मात्र नेहमीसारखा स्वच्छ उमटला. हिवाळ्यात भाव चढू लागला. बाजारात बायकांचे घोळके उभे राहू लागले आणि त्यांच्या टोपल्या रिकाम्या परत जाऊ लागल्या.

ओतमेरांनी सुरुवातीला आपला विचार सोडला नाही. बाजारात उभे राहून ते म्हणाले, "भाव चढू द्या. होड्या येतील."

"कधी?" कोलेतने विचारले.

"हाक पोहोचेल तेव्हा."

"साहेब, तुमची हाक पोहोचेपर्यंत आमची पोरं ओरडून गप्प होतील. शेजारच्या गावात बायकांनी धान्याची गाडी उलटवली. आमचे हात काय तिथल्या बायकांपेक्षा लहान आहेत?"

त्यानंतरच्या आठवड्यात प्रांताच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा माणूस घोड्यावरून आला. ओतमेरांच्या खिडकीखाली माझी जागा होती, म्हणून त्यांचे बोलणे मला ऐकू आले. तो म्हणाला, "ब्रेव्हालमध्ये दंगा झाला तर न्यायाधीशपद जाईल. आणि असला ग्रंथ छापायला परवानगी कोण देणार? ज्याला स्वतःचा बाजार सांभाळता आला नाही, त्यानं राज्याला शहाणपण शिकवायचं?"

दुसऱ्या दिवशी ओतमेरांनी बाजारात जाहीर केले की धान्य गेल्या वर्षीच्याच भावाने विकले जाईल. बायकांनी त्यांच्या झग्याला हात लावून आशीर्वाद दिले. शेतकऱ्यांनी माना खाली घातल्या. त्या भावात कोणी धान्य आणणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. ओतमेरांना तर सर्वांत जास्त.

त्याच संध्याकाळी ते बार्नाबेकडे आले. "मापाची लोखंडी पट्टी सैल झाली आहे. रविवारपर्यंत माझ्याकडे ठेव. मी बसवून देतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता, साहेब? लोहार आहे की."

"लोहाराच्या हातोड्यानं लाकूड तडकेल. माझा हात हलका आहे."

बार्नाबेने मला त्यांच्या स्वाधीन केले. जाताना तो मला म्हणाला, "साहेबांच्या घरी जातोयस. नीट राहा."

चरकाच्या खोलीत ओकच्या फळीचा वास होता. ओतमेरांनी माझी पट्टी खरोखरच घट्ट केली. मग त्यांनी एक गोल कडी कातली, ती माझ्या आतल्या भिंतीला बसवली आणि तिच्यावर एक पातळ फळी ठेवली. माझ्या खऱ्या तळापेक्षा ती दोन बोटे वर होती. काम सुरेख होते. सांधा दिसतही नव्हता. बाहेरून माझी उंची तीच, शिक्का तोच. आत मात्र सातवा हिस्सा धान्य कमी मावणार होते. भाव गेल्या वर्षीचा राहणार होता आणि शेतकऱ्याला त्याच पैशांत कमी धान्य द्यावे लागणार होते. काम करताना ते स्वतःशीच बोलत होते. "यात भाव मोकळाच आहे. फक्त दिसत नाही. होड्या येईपर्यंतच. मग काढून टाकू." एवढे चतुर वाक्य मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. ज्याने मला सत्याचा पाया म्हटले, त्यानेच माझ्या आत खोटे बसवले आणि त्या खोट्यालाही आपल्या विचाराचेच नाव दिले.

आणि त्याआधी, कडी कातून होताच, त्यांचा हात सवयीने पुढे झाला होता. त्या कडीच्या खालच्या अंगाला, जेथे कोणाची नजर जाणार नव्हती, त्यांनी दोन बारीक रेषा कोरल्या होत्या. एक खोल, एक उथळ. ते त्यांनी जाणून केले की नकळत, हे मी निश्चित सांगू शकत नाही.

सोमवारी बार्नाबेने मला उचलले आणि तो थबकला. पहिले माप मोजून झाल्यावर तो मला घेऊन सरळ ओतमेरांच्या दारात गेला.

"साहेब, काहीतरी वेगळं आहे. रिकामं जड लागतंय आणि भरलं की हलकं."

ओतमेर क्षणभरही अडखळले नाहीत. "ओलं वर्ष आहे, बार्नाबे. लाकूड पाणी पितं म्हणून रिकामं जड. आणि यंदाचा दाणा पोकळ आहे म्हणून भरलेलं हलकं. विचार करून पाहा."

बार्नाबेने विचार केला. उत्तर निर्दोष होते. त्याने हात उचलला. मला वाटले, तो आता आत घालेल. पण शिक्का बसल्यावर मापात हात घालायचा नसतो. त्याने काठावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला, "बरोबर आहे साहेब, माझंच डोकं ओलं झालंय," असे म्हणून हसला आणि मला घेऊन परत आला.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले, हे वर्णन करणे कठीण आहे. प्रत्येक बाजारात मला धान्य भरून बायकांच्या टोपल्यांत रिकामे केले जाई. शेतकऱ्यांच्या पोत्यांच्या तळाशी धान्य उरू लागले. त्यांना ते कळले नाही, असे मी मानत नाही. ते पोत्याचे तोंड बांधून गुपचूप निघून जात. ज्याच्या बाजूने चूक होते, त्याला ती फारशी मोठी दिसत नाही.

आणि होड्या आल्या नाहीत. खरे तर त्या आल्या, पण थांबल्या नाहीत. वसंत ऋतूच्या सुरुवातीला समुद्राकडून धान्य भरलेल्या होड्या सेनमधून वर चढताना आमच्या धक्क्यावरून दिसत. एका होडीवाल्याने पाणी भरायला दोर टाकला, तेव्हा बार्नाबेने त्याला हाक मारली.

"इथं उतरव की धान्य. गाव उपाशी आहे."

"उपाशी?" तो हसला. "तुमच्या गावचा भाव गेल्या वर्षीचा आहे म्हणून सगळ्या नदीवर माहीत आहे. धान्य भरपूर असल्याशिवाय असा भाव असतो का? पुढच्या गावात याच्या दीडपट मिळेल."

दोर सुटला आणि होडी पुढे गेली. वरच्या खिडकीत ओतमेर उभे होते. हाकेच्या तोंडावर हात ठेवू नये, असे ज्यांनी सांगितले होते, त्यांनी स्वतःच हात ठेवला होता आणि त्यांचा विचार त्यांच्या डोळ्यांदेखत खरा ठरत होता. ते खिडकीतून बाजूला झाले. त्यांनी भाव मोकळा केला नाही. तो केला असता तर माझा तळही काढावा लागला असता.

इस्टरनंतरच्या बाजारात कोलेत माझ्यासमोर आली. आज ती भांडत नव्हती. त्यामुळेच सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"बार्नाबे," ती म्हणाली, "माझी पीठ मळायची काथवट तीच आहे. माझे हात तेच आहेत. पूर्वी तुझ्या एका मापात शनिवारपर्यंत पाव निघायचे. आता शुक्रवारीच काथवट खरवडते. गिऱ्हाईक मला चोर म्हणतं. मी कोणाला म्हणू?"

"दाणा पोकळ आहे, मावशी. ओलं वर्ष."

"पोकळ दाण्याचा पाव बसका होतो. माझा पाव फुगतोय तसाच. कमी निघतोय."

बार्नाबेच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याला तो सोमवार आठवला, हे मला ठाऊक होते. भोवती घोळका जमला होता. कोणीतरी म्हणाले, "मापाऱ्याची तीन पिढ्यांची चरबी." कोणी हसले नाही.

"दगडात ओता," कोलेत म्हणाली.

"सणाशिवाय दगड उघडत नाहीत," एक म्हातारा पुटपुटला.

"उघडा," बार्नाबे म्हणाला. आवाज मोठा होता, पण कबुतरे उडाली नाहीत. "माझ्या बापाचं नाव या मापाशी बांधलेलं आहे. आज त्याच्यावर बोट ठेवलं गेलं, तर सणापर्यंत मी झोपू कसा? उघडा दगड आणि साहेबांना बोलवा. त्यांच्यासमोर होऊ द्या."

मला भरले गेले. काठी फिरवली. बार्नाबेने स्वतः मला उचलून दगडात रिकामे केले. धान्य पसरले, स्थिरावले आणि दगडाचा काठ उघडा राहिला. पोकळीच्या भिंतीवर सर्वांना दिसेल एवढी रिकामी जागा होती.

ओतमेर काळ्या झग्यात तेथे येऊन उभे होते.

"साहेब," बार्नाबे म्हणाला, "पट्टी बसवायला माप तुमच्याकडे होतं. तुम्ही सांगा. लाकूड पाणी पितं म्हणालात. तुम्ही सांगा यांना."

मी त्यांच्याकडे पाहिले. माझी सारी आशा त्या एका माणसावर होती. एक वाक्य पुरेसे होते. "हे मी केले," असे ते म्हणाले असते, तर पद गेले असते, ग्रंथ लांबला असता; पण बार्नाबे वाचला असता. ज्या विचारावर त्यांचे एवढे प्रेम होते, तोही मोठ्या दिमाखाने सिद्ध झाला असता.

ओतमेर पुढे आले. साऱ्या गावादेखत त्यांनी माझ्या आत हात घातला. बायकांनी श्वास रोखला, कारण नियम मोडला जात होता. मी तो हात ओळखला. तो चाचपडला नाही. जेथे जायचे होते तेथेच गेला.

"खोटा तळ आहे," ते म्हणाले. "पट्टी मी बसवली. मापाच्या आत काय आहे ते पाहणं माझं काम नव्हतं, तो नियम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. सणापासून माप कोणाच्या घरी असतं?"

सगळ्या नजरा बार्नाबेकडे वळल्या. उत्तराची गरजच नव्हती.

"साहेब," बार्नाबे हळू आवाजात म्हणाला. कोलेत त्याच्याकडे पाहत होती, आणि मला वाटते, तिला पहिल्यांदा शंका आली. पण तिच्याजवळ फक्त काथवट होती, आणि न्यायाधीशांजवळ न्याय होता.

शिक्षा रिवाजाप्रमाणे झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी बार्नाबेला खांबाला बांधून उभे केले आणि मला दोरीने त्याच्या गळ्यात अडकवले. मी त्याच्या छातीवर टेकलो होतो. त्याचा श्वास माझ्या फळ्यांना लागत होता. लोकांनी कुजकी सफरचंदे फेकली. काही त्याला लागली, काही मला. कोलेतने काही फेकले नाही. ती शेवटपर्यंत छपराखाली उभी होती, आणि हातातला पावाचा तुकडा तिने कोणाला दिला नाही, स्वतःही खाल्ला नाही.

संध्याकाळी दोरी सोडली. बार्नाबेने माझ्या काठाला हात लावला नाही. तो फक्त एवढेच म्हणाला, "त्या सोमवारीच तुझ्यात हात घालायला हवा होता." मग तो बायकोला घेऊन रुआंच्या वाटेने निघून गेला. त्यानंतर त्याचे काय झाले, ते मला ठाऊक नाही. कोणी म्हणाले, बंदरात पोती वाहतो. मी त्याची खात्री देऊ शकत नाही.

रिवाज असा की खोटे माप बाजारातच कुऱ्हाडीने फोडायचे. मी त्या कुऱ्हाडीची वाट पाहत होतो. मला फोडले असते तर कडी सर्वांसमोर जमिनीवर पडली असती आणि तिच्या कडेच्या दोन रेषा कोणीतरी पाहिल्या असत्या. ओतमेरांनी हात वर केला. "फोडू नका. पुरावा आहे. माझ्याकडे राहील."

मापारी नाही, माप नाही, तेव्हा भावाचा जुना हुकूमही त्यांनी मागे घेतला. धान्य दगडातच मोजले जाऊ लागले, भाव चढला, नदीवर ऐकू गेला आणि थोड्याच दिवसांत होड्यांनी ब्रेव्हालच्या धक्क्याला दोर टाकले. मग भाव उतरला. ओतमेरांचा विचार अचूक होता, हे मला मान्य केले पाहिजे. मापाला पक्षपात करता येत नाही.

मी त्यांच्या कामाच्या खोलीत पालथा पडलो. ते माझ्यावर आपला केसांचा टोप ठेवत. त्या जागेवरून मी ग्रंथ पूर्ण होताना पाहिला. एकदा रुआंहून आलेल्या मित्राला त्यांनी एक प्रकरण वाचून दाखवले. त्यात एका लहान गावाची गोष्ट होती. तेथे एका लोभी मापाऱ्याने मापात खोटा तळ बसवला, जबरदस्तीने उतरवलेल्या भावामुळे होड्या निघून गेल्या, आणि भाव मोकळा करताच गाव वाचले. मित्र म्हणाला, "हा मापारी फार छान उदाहरण आहे. अगदी जिवंत उतरलाय."

"हो," ओतमेर म्हणाले, "मी त्याला ओळखत होतो." मग त्यांनी पान उलटले. दुसऱ्या दिवशी टोप खुंटीवर गेला आणि मला कपाटामागे सरकवण्यात आले. त्यांना लाज वाटली असे समजण्याचा मोह मला होतो. पण त्याला पुरावा नाही, म्हणून मी तसे म्हणणार नाही.

त्यानंतर पुष्कळ काळ गेला. ओतमेर गेले, राजे गेले, सगळी जुनी मापे मोडीत निघाली आणि देशभर एकच नवे माप आले. ग्रंथ मात्र टिकला. विद्वानांनी तो शोधून काढला आणि अर्थशास्त्राच्या उगमापाशी ओतमेरांना मानाची जागा दिली. आता ब्रेव्हालच्या नगरभवनात वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी एक खोली आहे. मधोमध त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. भिंतीलगतच्या काचेच्या पेटीत त्यांची पिसाची लेखणी आणि त्यांनी कातलेली तपकिरीची डबी आहे. डबीखाली लिहिले आहे, "थोर विचारवंताचा छंद. कडेवरील दोन रेषा ही त्यांची खूण." त्याच पेटीशेजारी, उघड्या चौथऱ्यावर मी आहे. माझ्याखाली लिहिले आहे, "मापारी बार्नाबे लांग्लुआ याचे खोटे माप."

अभ्यासक येतात. डबीकडे वाकून पाहतात, दोन रेषांचे कौतुक करतात. मग माझ्याकडे वळतात, काठावरचा शिक्का पाहतात आणि बार्नाबेचे नाव वाचून मान हलवतात. ते ग्रंथातले वाक्य सोबत आणतात आणि येथे येऊन ते तपासल्याचे समाधान घेऊन जातात. दोन्ही वस्तू एकमेकींपासून हातभर अंतरावर आहेत. दगडही खाली बाजारात अजून आहे. त्याच्यावर बसून मुले सफरचंद खातात.

वाचकहो, मला माझ्यासाठी काही नको. लाकडाचे आयुष्य मी पुरेपूर जगलो. पण तुम्ही कधी ब्रेव्हालला आलात, तर त्या खोलीत या. माझ्यासमोर एक पाटी लावलेली आहे की वस्तूंना हात लावू नये. आमच्या गावाला असल्या पाट्यांची जुनी सवय आहे. तुम्ही मात्र हात लावा. काठावर नको, तेथे शिक्का आहे आणि तो खरा आहे. हात आत घाला. भिंतीच्या कडेने बोटे खाली न्या. पातळ फळी आता थोडी हलते, ती उचला; तिच्याखाली ती कडी आहे. कडीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवा.

एक रेष खोल लागेल, दुसरी उथळ. मग पेटीतल्या डबीकडे पाहा, आणि माझ्याखालचे नाव पुन्हा एकदा वाचा.